बिनजामिनाची जागा

लिनियर्स, बुएनोस आइरेस
२८ जून १९९८

प्रिय कासिल्दाताई,

हे पत्र बसून वाच. उभ्याने वाचशील तर ओरडशील आणि दाजी घाबरून धावत येतील. मला जागा मिळाली!

खरीखुरी जागा, ताई. चार भिंती, वर छप्पर, समोर लोखंडी शटर. अकरा वर्षं रेल्वे फाटकापाशी घोंगडीत गुंडाळलेलं पातेलं घेऊन बसले आणि पोलीस दिसला की पातेल्यासकट पळाले. आता शटर वर करून आत उभी राहणार. कोण उठवतो ते बघतेच.

तुला वाटत असेल, पैसे साठले की जागा मिळते. इथे तसं नाही. इथे जामीनदार लागतो, आणि तोही असातसा नाही, याच शहरात ज्याच्या नावावर घर आहे असा. मी सात जागा बघितल्या, सातही ठिकाणी पहिला प्रश्न हाच. मी सांगायची, माझ्या मामेभावाचं, फेर्मिनचं, स्वतःचं घर आहे, गवंडी आहे तो, स्वतःच्या हाताने बांधलंय. 'कुठे?' जनरल पास रस्त्याच्या पलीकडे. की झाली वही बंद. तो रस्ता ओलांडला की शहर संपतं, आणि पलीकडचं घर यांच्या लेखी घरच नाही. फेर्मिन म्हणतो, "इला, घर उचलून अलीकडे आणून ठेवू का?"

मग म्हातारे सेन्योर बेल्त्रामे. तुला मागे लिहिलं होतं, दर गुरुवारी येऊन माझं शेंगदाण्याचं सूप उभ्याने पितात आणि वाटी स्वतः पुसून परत देतात, ते. इटालियन बापाचा मुलगा, बायको गेलेली. त्यांच्याच घराच्या तळमजल्यावर खिळे-स्क्रूचं दुकान होतं, ते दोन वर्षं बंद पडून होतं. मी एकदा त्यांच्यासमोर जामीनदारांच्या नावाने बोटं मोडली, तर म्हणाले, "बाई, चार वर्षांत तू मला एकदाही शिळं वाढलं नाहीस. मला नको जामीनदार." तीन वर्षांचा करार झाला, सही केली. अट एकच घातली, तीही तोंडी. ती त्यांच्या-माझ्यातली आहे, क्षुल्लक आहे, तुला सांगण्यासारखं काही नाही.

एका बाजूला सेन्योरा पाक, कोरियाची, लोकरीचे गुंडे विकते. दुसऱ्या बाजूला पाराग्वेवाल्यांचं कंदमुळांचं दुकान, समोर बोलिव्हियाच्या बसचं ऑफिस. म्हणजे आपली माणसं तीन दिवसांचा प्रवास करून उतरणार ती थेट माझ्या दारात, भुकेली!

आता काम ऐक. सात ऑगस्टला इथे संत कायेतानोची जत्रा असते, भाकरीचा आणि कामधंद्याचा संत, दर्शनाची रांग आमच्या गल्लीपर्यंत येते. त्याच्या आत हॉटेल उघडायचंच आहे. पण त्याआधी, एक ऑगस्टला, धरणीमायला खाऊ घातल्याशिवाय मी चूल पेटवणार नाही. ऑगस्टमध्ये तिचं तोंड उघडं असतं, आपण नाही भरवलं तर ती आपल्या हाताने घेते. तेव्हा आपल्या गावच्या जाणत्याकडे, ताता रुपेर्तोंकडे जा, आणि आई पहिल्यांदा चिचा, आपली मक्याची दारू, विकायला बसली तेव्हा त्यांनी धरणीला जाळून द्यायचा नैवेद्याचा जसा पुडा बांधून दिला होता तसाच बांधून घे. इथल्या बाजारात मिळतात ते पुडे म्हणजे नुसता कागद.

आणि आईच्या चुलीला सांग, इलाला जागा मिळाली म्हणून.

तुझी,
इला


पुनाता
९ जुलै

इला, पोरी,

उभ्यानेच वाचलं आणि ओरडलेही. तुझे दाजी धावत काही आले नाहीत. कोंबड्यांना दाणे टाकत होते, तिथूनच विचारलं, "इलाला नवरा मिळाला का?" म्हटलं, "नाही, त्याहून बरं काहीतरी मिळालंय."

आनंद झाला गं. रडले थोडी. आई असती तर सगळ्या गल्लीला फुकट चिचा पाजली असती आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसली असती.

चार गोष्टी सांगते, ऐक. शेंगदाणे कच्चेच वाट, शहरातल्या बायकांसारखे भाजून घालू नकोस. सुपावर तळलेला बटाटा आयत्या वेळी घाल. ताटात भात कमी दिलास तर आपली माणसं पुन्हा येत नाहीत, आणि मांस कमी दिलंस तर परकी येत नाहीत. आणि घरमालकाला पहिल्या दिवसापासून डोक्यावर बसवू नकोस.

पुड्याचं बघते. ताता रुपेर्तो आता फार थकले, हात थरथरतात. मलाही आताशा या पुड्याबिड्यांचं फारसं वाटत नाही बघ, रविवारी तर मुळीच वेळ नसतो. पण तुला नाही म्हटलं की तू लहानपणी जमिनीवर लोळायचीस, आता एवढ्या लांब लोळशील तर उचलणार कोण? पाठवते. बसवाल्या आपासाच्या हाती देईन, म्हणजे वाटेत कोणी उघडणार नाही.

ती अट काय ते लिहिलं नाहीस. क्षुल्लक असेल तर माणूस अट घालत बसत नाही.

तुझी ताई,
कासिल्दा


लिनियर्स
३ ऑगस्ट

ताई,

पुडा गुरुवारी पोचला. डिझेलचा वास मारत होता, पण काय जड होता गं! फेर्मिनने हातात घेऊन तोलला आणि म्हणाला, "ताता रुपेर्तोंनी हात सैल सोडलाय." मला इतकं बरं वाटलं. एवढ्या लांबून माझ्यासाठी कोणीतरी जिवापाड बांधलेला पुडा.

आता कसं केलं ते सांगते. मागे अंगण आहे, पण सगळं फरशीचं, लाल-पिवळ्या फुलांची जुनी फरशी, बोटभर माती दिसेल तर शपथ. धरणीला भरवायचं तर तिचं तोंड सापडायला नको? फेर्मिनने पाण्याच्या टाकीमागची एक फरशी कडेने खरवडून अलगद उचलली, कपची सुद्धा उडाली नाही. पुन्हा बसवली की कोणाला कळायचं नाही. मुद्दाम मागची निवडली.

मग निखारे, वर पुडा. पुड्यातली साखरेची चित्रं तडतडली, कापूस भुर्रकन गेला, धूर असा निघाला की भिंतीवरून सेन्योरा पाक बादली घेऊन उभी! तिला वाटलं आग लागली. फेर्मिन तिला खुणा करून सांगतोय, "पूजा, पूजा," आणि ती बादली सोडायला तयार नाही. शेवटी तिच्या हातात बिअरचा ग्लास दिला, थोडी जमिनीवर ओत म्हटलं, थोडी पी म्हटलं. तिने जमिनीवर थेंबभर ओतली आणि बाकीची प्यायली.

इथपर्यंत सगळं छान. पण ताई, राख खड्ड्यात लोटायला गेले तर आत एक ढेकूळ. तळहाताएवढं, एका बाजूने काळं, दुसऱ्या बाजूने तांबूस. सगळं जळलं, ते जसंच्या तसं. पुड्यात तसलं काही कधी घालतात का? मी तरी बघितलेलं नाही. आई म्हणायची, पुड्यातलं काही उरलं तर समजायचं धरणीने ते परत केलं, तिला आपलं काहीतरी मंजूर नाही. फेर्मिन म्हणतो दगडबिगड असेल, पण ताता रुपेर्तो पुड्यात दगड कशाला घालतील?

ताबडतोब त्यांच्याकडे जा आणि विचार, याचं काय करू. तोवर ते पिठाच्या डब्यावर ठेवलंय आणि येता-जाता माझी नजर तिकडेच जाते. पाच तारखेला उघडतेय. घाबरत उघडतेय.

चुलीला सांगितलंस का? त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतंस.

इला


पुनाता
९ ऑगस्ट

इला,

घाईत लिहितेय, आपासाची बस सुटतेय.

ताता रुपेर्तोंना विचारलं. ते म्हणाले, घाबरायचं कारण नाही, असं कधी कधी होतं. ते खोल पुरून टाक, पुन्हा दिसणार नाही असं, आणि त्याचा विचार करू नकोस. झालं.

चुलीला काय सांगायचं, वेडे. चूल ती चूल. तू धंद्याकडे लक्ष दे.

कासिल्दा


लिनियर्स
२५ ऑगस्ट

ताई,

काय लिहू आणि कुठून लिहू.

आधी चांगलं सांगते, कारण ते एवढंसंच आहे. सात तारखेला संत कायेतानोच्या रांगेतल्या माणसांनी माझी तिन्ही पातेली दुपारच्या आत चाटून पुसून रिकामी केली. हातात गव्हाच्या ओंब्या घेतलेली माणसं, कोणाला काम हवं, कोणाचं होतं ते गेलेलं, थंडीने कुडकुडत यायची आणि म्हणायची, "वाढा, काकू." सेन्योर बेल्त्रामे आत अंगणात खुर्ची टाकून बसले होते. पहिल्यांदाच बसून सूप प्यायले. पायाखालच्या फुलांकडे बघत म्हणाले, "ही फरशी माझ्या वडिलांनी स्वतः ओतली, स्वतः बसवली. रोज कारखान्यातून आल्यावर एक ओळ." मी वाटी घेऊन आत गेले. त्यांच्याकडे बघवेना.

आता तुला अट सांगते. करारावर सही करताना ते म्हणाले होते, "स्वयंपाकघर तोड, भिंती रंगव, काय वाटेल ते कर. अंगणाच्या फरशीला तेवढा हात लावायचा नाही." मी म्हटलं होतं, "शब्द देते." ते म्हणाले, "तोच माझा जामीनदार."

मी तुझ्यापासून हे लपवलं, कारण तू म्हणाली असतीस, मग पुडा नको. आणि मला पुडा हवा होता. वाटलं, एकच फरशी, टाकीमागची, परत बसवली की झालं. बसवलीही होती.

पण मग तुझं पत्र आलं, खोल पुर म्हणून. खोल म्हणजे किती ते लिहिलं नव्हतंस. फेर्मिन रोसारियोला कामावर गेलेला, आणि ते ढेकूळ घरात असताना मला झोप लागेना. मंगळवारी दुपारी शटर ओढलं आणि मीच पहार घेतली. एका फरशीच्या भोकातून हात कोपरापर्यंत जातो, पुढे जात नाही. शेजारची उचलायला गेले, ती फुटली. तिच्या बाजूची फुटली. तिसरी फुटली तेव्हा मी रडत होते आणि तरी खणत होते. ढेकूळ टाकलं, माती लोटली, वरून ठोकून बसवायला पहारीचा एक दणका दिला, आणि खाली काहीतरी मडकं फुटावं तसं वाजलं. जुना मातीचा नळ होता, सांडपाण्याचा.

संध्याकाळपर्यंत काही दिसलं नाही. बुधवारी सेन्योरा पाकच्या भिंतीला ओल आली. गुरुवारी तिचे खालच्या फळीवरचे लोकरीचे गुंडे भिजले आणि घाण वास सुटला. ती माझ्यावर ओरडली नाही. एक ओला गुंडा आणून माझ्या टेबलावर ठेवला आणि गेली. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं.

गुरुवार म्हणजे सेन्योर बेल्त्रामेंचा सुपाचा दिवस. ते आले, सरळ अंगणात गेले आणि खड्ड्यापाशी उभे राहिले. मी मागे उभी, हाताला पीठ.

"नळ फुटला होता म्हणून खणलंस का?" त्यांनी विचारलं.

ताई, ते मला वाट देत होते. हो म्हटलं असतं तर सुटले असते.

"नाही," मी म्हटलं. "खणलं म्हणून नळ फुटला."

"आणि खणलं कशासाठी?"

मी सांगायला लागले, ऑगस्ट, धरणी, पुडा. मलाच ऐकताना वेड्यासारखं वाटत होतं. ते वाकले, फुटक्या फरशीचे तुकडे एकेक करून उचलले, कोटाच्या खिशात घातले. म्हणाले, "तीस सप्टेंबरपर्यंत जागा रिकामी कर. नळाचं आणि शेजारणीचं मी बघतो." सूप तसंच राहिलं.

मी काय चुकले ते ताता रुपेर्तोंना विचार, ताई. त्यांनी सांगितलं ते सगळं केलं. पुडा जाळला, उरलं ते खोल पुरलं. मग धरणीने माझी जागा का घेतली? दुसरा पुडा बांधायला हवा का? काहीही सांगू देत, मी करीन. पण लवकर विचार. पाच आठवडे आहेत.

इला


पुनाता
३ सप्टेंबर

इला,

हे पत्र तीनदा लिहून चुलीत घालावंसं वाटलं, पण घरात चूल नाही. तेच सांगायचंय.

ताता रुपेर्तो ईस्टरच्या आधी वारले. मी त्यांना काही विचारलेलं नाही. विचारणार कसं? "खोल पुर" हे मीच लिहिलं, माझ्या मनाने, कारण तू ते ढेकूळ पिठाच्या डब्यावर ठेवलं होतंस आणि मला भीती वाटली, एक दिवस तू ते ओळखशील.

पुडाही मीच बांधला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, दार लावून. बाजारातून साखरेची चित्रं आणली, कापूस, रंगीत कागद. कोकाची पानं नाहीत, चरबी नाही, वर दोन शब्द म्हणणारं कोणी नाही. आणि हातात घेतला तर अगदीच हलका. तू आईबरोबर इतके पुडे उचललेत, तुला लगेच कळलं असतं. म्हणून वजनासाठी एक तुकडा आत घातला. तो आईच्या चुलीचा आहे.

मे महिन्यात गॅस आणला. चूल फोडावी लागली, त्याच कोपऱ्यात शेगडी बसत होती. तुझ्या दाजींनी घण घातला, मी तुकडे टोपलीत भरून कोंबड्यांच्या खुराड्यामागे टाकले. तू दर पत्रात चुलीला सांग, चुलीला सांग, आणि मी इथे निळ्या ज्योतीवर बटाटे उकडतेय. कसं लिहिणार होते?

आता हे सगळं का केलं ते ऐक, मग काय शिव्या द्यायच्या त्या दे. दोन वर्षं झाली, आम्ही बंधूंच्या मंडळीत, त्या नव्या चर्चमध्ये, जातो. पास्टर, बायबल, गाणी, सगळं. तुला सांगितलं नाही, कारण तू हसली असतीस. इला, तुझ्या दाजींनी, सिरियाकोने, दोन वर्षांत दारूचा थेंब घेतलेला नाही. त्याने मला मारायचं ज्या दिवशी थांबवलं त्या दिवशी मी ठरवलं, हा देव म्हणेल ते मी करीन. मंडळीत पुडे बांधणं पाप आहे. जाणत्याच्या दारात मला कोणी बघितलं असतं तर सिरियाकोला सगळ्यांसमोर उभं केलं असतं, आणि अपमान झाला की तो कुठे जातो ते मला माहीत आहे.

तुला नाही म्हणता आलं नाही. खरं सांगता आलं नाही. मधला रस्ता काढायला गेले. वाटलं, धरणीला काय कळतंय, इलाचं समाधान होईल. तू तिकडे एवढा शब्द देऊन बसली असशील याची मला कल्पना नव्हती. कल्पना असती तर खरंच सांगितलं असतं का, हे विचारू नकोस.

तुझ्या धरणीने तुझी जागा घेतली नाही. मी घेतली.

आता आणखी काही लिहीत नाही. रोज तुझ्यासाठी प्रार्थना करते. तुला नको असली तरी.

कासिल्दा


विया सेलिना
१७ सप्टेंबर

कासिल्दाताई,

मी फेर्मिन. इला लिहीत नाही म्हणून मी लिहितोय. माझं अक्षर विटा रचल्यासारखं आहे, सांभाळून घे.

तुझं पत्र तिने माझ्यासमोर वाचलं, घडी घातली आणि कांदा चिरायला बसली. पोतंभर कांदा चिरला. हॉटेलात एवढा कांदा लागत नाही. चार दिवस धड जेवली नाही, मी विचारलं तर म्हणाली, "कांद्याने भूक मेली." पाचव्या दिवशी मला म्हणाली, "चूल फोडायच्या आधी एक पत्र टाकता आलं नसतं तिला?" बस, एवढंच.

म्हातारा बघतो म्हणाला होता, पण नळ मीच नवा घातला. पाकबाईची भिंत खरवडून पुन्हा गिलावा केला, तिने मला मोजे दिले. फरशीची मात्र पंचाईत आहे. पाडलेल्या घरांचा माल विकणाऱ्या वखारी आहेत, चार पालथ्या घातल्या, इलाही बरोबर होती. फुलं तीच मिळाली पण लाल थोडा उतरलेला. तीन घेतल्या. जाणकाराला कळेल, आणि म्हातारा जाणकारच आहे.

शहरात घर असलेला जामीनदार मिळाला तर म्हातारा ऐकेल का, असं मी इलाला विचारलं. म्हणाली, "जामीनदार होता. तोच फोडला." तुझ्यावर रागावलेली आहे, पण तुझं पत्र पेटीत नीट ठेवलंय, मी बघितलं. दाजींना नमस्कार. दारू सुटली हे ऐकून बरं वाटलं, मनापासून.

फेर्मिन


लिनियर्स
३ ऑक्टोबर

ताई,

जागा गेली. तीन दिवसांपूर्वी किल्ली दिली.

तू ज्यासाठी एवढी घाबरून लिहिलंयस, त्याचा मला राग नाही. तू गाणी म्हण, बायबल वाच, पुडे बांधू नकोस, माझं काही म्हणणं नाही. दाजी दोन वर्षं कोरडे आहेत हे मला लपवलंस याचा राग आहे. मी इथे रस्त्यावर नाचले असते! तुझ्या पाठीवरचे वळ मी बघितलेत, मला नको होतं का कळायला? आणि चुलीचा राग आहे. तो खूप आहे, आणि आजही गेलेला नाही.

चूल तुझी होती. तू तिथे राहतेस, तू धूर खाल्लास, तुला गॅस हवा होता. फोडलीस यात चूक काहीच नाही. मी अकरा वर्षांत एकदाही तिकडे फिरकले नाही, मी कोण विचारणारी? हे सगळं मी स्वतःला सांगितलं. तरी घास उतरेना. मला सारखं वाटायचं, माझं काहीतरी माझ्या मागे फोडलं आणि वरून मला पत्रं लिहिली.

आणि मग कळलं, हे मला ओळखीचं आहे. कोटाच्या खिशात तुकडे घालणारा माणूस मी बघितलाय.

तशीच उठून वर सेन्योर बेल्त्रामेंच्या दारात गेले. म्हटलं, "जागेसाठी आलेले नाही. माझ्या बहिणीने आमच्या आईची चूल फोडली आणि मला सांगितलं नाही. म्हणून आता मला समजलं, मी तुमचं काय केलं ते."

त्यांनी आत बोलावलं. टेबलावर फरशीचे तुकडे जुळवून ठेवलेले होते, गोंदाची बाटली शेजारी. एक फूल पुरं झालं होतं, मधली कपची सापडत नव्हती.

"बाई," ते म्हणाले, "तू मला विचारलं असतंस तर मी स्वतः पहार आणून दिली असती. माझी आई पण घराच्या उंबऱ्याखाली काय काय पुरायची. तू विचारलं नाहीस."

ताई, विचारलंच नाही मी! सात जणांनी नाही म्हटलेलं होतं, आठव्याला विचारायची हिंमतच झाली नाही. वाटलं, विचारलं की नाहीच म्हणणार.

"मग आता?" मी म्हटलं. खोटं कशाला बोलू, आशा होती.

"आता नाही," ते म्हणाले. "आता मी रोज खाली येऊन फरशीकडे बघेन, आणि तू मला बघताना बघशील. असं दोघांनी राहू नये."

तीस तारखेला फेर्मिनने शेवटची फरशी बसवली. बसवायच्या आधी मी खड्ड्यातून ते ढेकूळ वर काढलं, धुतलं. एका बाजूला काजळी, दुसऱ्या बाजूला आईच्या बोटांनी सारवलेलं, बोटं दिसतात अजून. मला तेव्हाच कसं ओळखू आलं नाही? बरोबर घ्यावं असं वाटलं. मग पुन्हा खाली ठेवलं, आणि या वेळी त्यांना विचारून ठेवलं. ते खड्ड्याच्या काठावर उभे होते. म्हणाले, "राहू दे. मोबाईलच्या दुकानाचा माणूस येतोय. त्यालाही अट घालणार आहे, अंगणाला हात लावायचा नाही. आता कागदावर लिहून." मग उतरलेल्या लाल रंगाच्या तीन फरश्यांवर पायाने माती सारली आणि किल्लीसाठी हात पुढे केला. सूप घेणार का विचारलं. घेतलं. उभ्यानेच.

काल फाटकापाशी पातेलं घेऊन बसले. जागा कोणी घेतली नव्हती, सेन्योरा पाकने तिथे एक खोकं ठेवून धरून ठेवली होती. अकरा वर्षं केलं ते पुन्हा करायचं, एवढंच. पण बसताना गुडघे दुखले आणि डोळ्यांत पाणी आलं, ते तुला नाही सांगायचं तर कोणाला. पुढच्या गल्लीत एक जागा आहे. गेले होते. जामीनदार मागतात.

मिळेल कधीतरी. मिळाली की तिथे फरशी नसली तर बरं, असली तर आधी विचारीन.

आता एक काम सांगते आणि या वेळी जसं सांगते तसंच कर. कोंबड्यांच्या खुराड्यामागे चुलीचे जे तुकडे टाकलेस ते सगळे गोळा कर. लहानसहान सुद्धा. पावसाच्या आत, नाहीतर विरघळतील. खोक्यात भर आणि आपासाच्या बसने पाठव. जेवढे सापडतील तेवढेच पाठव, ताई. खोकं हलकं झालं तरी चालेल. वजनासाठी दुसरं काही घालू नकोस.

तुझी,
इला